वाटणीत राहून गेलेलं जीमेल : सामाईक लॉगिनचं एक प्रकरण

हे प्रकरण कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं आणि तिची वेब ॲप्लिकेशन सांभाळणाऱ्या आमच्या ऑफिसचं. आम्ही राजारामपुरीत बसतो. पाच माणसं, खाली झेरॉक्सचं दुकान. फौंड्रीचं नाव लिहीत नाही, कारण चूक तिची नव्हती, आमची होती. नेमकं सांगायचं तर माझी. ज्या दोन भावांमुळे ती उघडकीला आली त्यांचीही नावं नकोत. उद्यमनगरात नाव न घेताही माणूस ओळखतात, त्याला माझा इलाज नाही.

फौंड्रीकडे आमची तीन ॲप्लिकेशन चालतात. पहिलं गेट आणि वजनकाट्याचं. ते कारखान्यातल्याच सर्व्हरवर आहे, कारण नेट गेलं म्हणून भंगाराची गाडी काट्यावर अडकून पडलेली कुणालाच परवडत नाही. दुसरं क्वालिटीचं: हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एका ओतणीचा नंबर, टाकला की त्या धातूच्या तपासणीचे आकडे येतात आणि गिऱ्हाइकाला द्यायचं टेस्ट सर्टिफिकेट निघतं. तिसरं व्हेंडर पोर्टल. ओतून झालेलं कास्टिंग मशीनिंगसाठी बाहेरच्या वर्कशॉपांत जातं. त्यांची चलनं, जॉबवर्कचे दर, रिजेक्शन आणि बिलं या पोर्टलवर असतात. दुसरं आणि तिसरं क्लाऊडवर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पंचगंगेचं पाणी आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. तेव्हा सर्व्हर कारखान्यात, अकाउंटंट घरी आणि मध्ये पाणी, अशी गत झाली होती. रस्ता सुरू झाल्यावर मालकांनी पहिलं काम हे सांगितलं, की जे हलवता येईल ते बाहेर हलवा.

तीन ॲप्लिकेशन म्हणजे तीन युजरनेम आणि तीन पासवर्ड. क्वालिटीच्या मॉनिटरला खाली चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी होती, तिच्यावर तिन्ही पासवर्ड लिहिलेले. चिठ्ठी जुनी झाली की कुणीतरी ती नव्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं. मालक एकदा म्हणाले, "एकदा आत आलेल्या माणसाला प्रत्येक खोलीच्या दारात परत नाव कशाला विचारताय?" कामाचा मसुदा म्हणून आमच्याकडे हे एवढंच होतं, आणि तो चांगलाच मसुदा होता.

माणसं मात्र चार तऱ्हेची. मूळ कंपनीचं हेड ऑफिस पुण्यात, तिथल्या सगळ्यांची खाती मायक्रोसॉफ्टवर. फौंड्रीच्या ऑफिसातले लोक गूगल वर्कस्पेसवर. वर्कशॉपवाले आपापल्या साध्या जीमेलवर. आणि मोल्डिंग लाइनवरचे सुपरवायझर कशावरच नाहीत, त्यांच्याकडे फक्त मोबाइल नंबर.

सहा नोंदण्या की दोन

यातलं थोडं आम्ही आधीच करून बसलो होतो. व्हेंडर पोर्टलला वर्षभरापूर्वी "गूगलने लॉगिन" जोडलं होतं आणि क्वालिटीला मायक्रोसॉफ्ट. हीच रीत पुढे चालवली असती तर तीन ॲप्लिकेशन, प्रत्येकाच्या दोन प्रोव्हायडरकडे, म्हणजे ओळख पटवून देणाऱ्या गूगल आणि मायक्रोसॉफ्टकडे, नोंदण्या, म्हणजे सहा. सहा क्लायंट आयडी (प्रोव्हायडरकडची ॲप्लिकेशनची ओळख), सहा सीक्रेट (ॲप्लिकेशनचा स्वतःचा पासवर्ड), आणि प्रत्येकाचे चाचणीचे आणि खरे मिळून दुप्पट परतीचे पत्ते. परतीचा पत्ता म्हणजे गूगलने ओळख पटवल्यावर ब्राउझरला जिथे परत पाठवायचं तो रिडायरेक्ट यूआरआय. नोंदवलेला आणि मागितलेला पत्ता अक्षरशः सारखा लागतो. शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली तरी गूगल चूक दाखवून दार लावून घेतो. ही कटकट वाटते खरी, पण हा पत्ता सैल ठेवला तर लॉगिनचा कोड भलत्याच्या हातात जातो. त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

खरी अडचण दुसरीच निघाली. लॉगिनचं हे सगळं काम ज्या ओपनआयडी कनेक्टवर चालतं त्याचं मूळ मानक २०१४ चं. २०१२ च्या ओऑथ २.० वर ते उभं आहे. ओऑथ परवानगीचं बोलतं, ओपनआयडी कनेक्ट ओळखीचं. ओळख म्हणून जे टोकन येतं त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या: 'आयएसएस', म्हणजे टोकन कुणी दिलं, आणि 'सब', म्हणजे देणाऱ्याच्या वहीत या माणसाचा नंबर काय. ही जोडीच त्या खात्याची पक्की खूण. ईमेल, नाव, फोटो हे वरचं. बदलू शकणारं.

आता गूगल एका माणसाला सगळ्या ॲप्लिकेशनमध्ये तोच 'सब' देतो. मायक्रोसॉफ्ट तसं करत नाही. तिथे 'सब' प्रत्येक नोंदणीगणिक वेगळा असतो. एकाच संस्थेतल्या सगळ्या ॲप्लिकेशनमध्ये सारखा हवा असेल तर 'ओआयडी' नावाचा दुसरा नंबर घ्यावा लागतो. तीन नोंदण्या केल्या असत्या तर पुण्याचा एकच ऑडिटर आमच्याकडे तीन वेगळी माणसं म्हणून उभा राहिला असता, आणि 'ईमेलवरून जुळवून घेऊ' असं म्हणायचा मोह तिथेच झाला असता. झाला नाही, कारण आम्ही दुसरा रस्ता धरला. तो मोह पुढे दुसऱ्या दाराने आला.

दुसरा रस्ता म्हणजे मधला दलाल. मार्केट यार्डात शेतकऱ्याला प्रत्येक व्यापाऱ्याची ओळख लागत नाही, अडत्याची लागते, तसं. तिन्ही ॲप्लिकेशन फक्त आमच्या लॉगिन सर्व्हरला ओळखतात, आणि गूगल-मायक्रोसॉफ्टशी बोलणं तो सर्व्हर करतो. त्यासाठी कीक्लोक नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. ते मुक्त स्रोत आहे, मूळचं रेड हॅटचं, आणि २०२३ पासून क्लाऊड नेटिव्ह कंप्युटिंग फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. प्रोव्हायडरकडच्या नोंदण्या सहाच्या दोन झाल्या. परतीचा पत्ता प्रत्येकाकडे एकच, लॉगिन सर्व्हरचा.

याचा एक आडवा फायदा मिळाला तो गेटच्या ॲप्लिकेशनला. ते कारखान्यातल्या १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर चालत होतं, आणि गूगल असा नुसता आकड्यांचा पत्ता परतीसाठी स्वीकारतच नाही. आता गूगलचं काम लॉगिन सर्व्हरपाशी संपतं. पुढे ब्राउझरला कारखान्यातल्या पत्त्यावर आमचा सर्व्हर पाठवतो, आणि ब्राउझर कारखान्यातच असल्यामुळे तो बिनबोभाट पोचतो. तरीही उघड्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर टोकन फिरवणं मनाला पटेना. म्हणून त्या पत्त्याला एक नाव दिलं आणि डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या वहीत, नोंद घालून लेट्स एन्क्रिप्टचं सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र मिळवलं. त्या पद्धतीत प्रमाणपत्र देणाऱ्याला आपल्या सर्व्हरपर्यंत यावं लागत नाही, त्यामुळे आतला सर्व्हर आतच राहिला.

नेट गेल्यावर काय, हा प्रश्न वजनकाट्यावरच्या मामांनी विचारला, आम्हाला सुचला नव्हता. लॉगिन क्लाऊडवर आणि क्लाऊड नेटपलीकडे. शेवटी काट्याच्या केबिनला सामाईक लॉगिनशिवाय एक स्थानिक पिन ठेवला, फक्त वजन नोंदवण्यापुरता. दर बघता येत नाहीत, चलन रद्द करता येत नाही. आराखडा बिघडला, पण गाड्या चालू राहिल्या.

बारीकसारीक खडे

मधले दोन आठवडे बारीक गोष्टींत गेले. त्यातल्या तीन सांगतो, बाकीच्या कुठेही भेटतील.

व्हेंडर पोर्टलचं अँड्रॉइड ॲप म्हणजे खरं तर तेच वेबपान एका वेष्टनात घालून दिलेलं. त्यात गूगल लॉगिन दाबलं की "हा ब्राउझर चालणार नाही" अशा अर्थाची पाटी यायची. गूगलने २०२१ पासून अशा ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमधून लॉगिन बंदच केलं आहे, कारण वेष्टन घालणारा आतला पासवर्ड वाचू शकतो. लॉगिनपुरता फोनचा खरा ब्राउझर उघडायची सोय केली, आणि ते मिटलं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. गेटचं लॉगिन सकाळी चालायचं नाही, दहानंतर चालायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. टोकनवर ते कधी दिलं आणि कधी संपणार याची वेळ असते. थोडाफार फरक चालवून घ्यायला हरकत नाही असं जेडब्ल्यूटीचं, म्हणजे या टोकनच्या नमुन्याचं, मानक म्हणतं, पण थोडाफार म्हणजे काही मिनिटं. रात्री बंद होणाऱ्या त्या सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा बटण सेल संपला होता, आणि फायरवॉलने वेळ जुळवायचा रस्ताही अडवला होता. सकाळी त्याच्या दृष्टीने आमची सगळी टोकनं भविष्यातून आलेली असायची. दहा वाजता आयटीचा पोरगा येऊन घड्याळ हाताने लावायचा, आणि यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. एक सेल आणि फायरवॉलचा एक नियम, एवढ्यावर भागलं.

तिसरी जास्त गंभीर. क्वालिटीच्या टेबलावर एकच पीसी, तीन पाळ्या. पहिल्या पाळीचा माणूस 'लॉग आउट' दाबून घरी जायचा. दुसऱ्या पाळीचा "गूगलने लॉगिन" दाबायचा आणि काहीही न विचारता पहिल्याच्या नावाने आत जायचा. कारण आपण आपल्या ॲप्लिकेशनमधून बाहेर पडतो, लॉगिन सर्व्हरवरूनही पडतो, पण ब्राउझरमधलं गूगलचं खातं उघडंच राहतं, आणि ते बाहेरून बंद करायची सोय गूगल देत नाही. दर वेळी 'कोणतं खातं?' असं विचारायला लावता येतं, ते आम्ही लावलं. पण यादीत पहिल्याचं नाव दिसतं आणि बोट तिथेच पडतं. म्हणून त्या पीसीवरून गूगलचं बटणच काढलं. तिथे मोबाइलवर ओटीपी आणि पंधरा मिनिटं हात लागला नाही तर सत्र बंद.

ओटीपीचंही सोपं नव्हतं. कीक्लोकमध्ये एसएमएसचा ओटीपी तयार मिळत नाही, तो भाग लिहावा लागला. शिवाय दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे संदेशाचा मजकूर आधी डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदवहीत, नोंदवावा लागतो. मी नोंदवलेल्या मजकुरातलं "आपला" काढून "तुमचा" केलं, भाषा साधी व्हावी म्हणून, आणि दिवसभर एकही ओटीपी कुणाला पोचला नाही.

फोन

आता मुख्य गोष्ट.

व्हेंडर पोर्टलच्या जुन्या वहीत प्रत्येक वर्कशॉपला एक युजरनेम होतं. ईमेल ही नुसती संपर्काची रकाना-भरती होती, बिलाची प्रत पाठवायला. कीक्लोकमध्ये मात्र मुळात एका ईमेलला एकच माणूस. जुनी यादी आत घ्यायला लागलो तर काही नोंदी अडकल्या, कारण एकच ईमेल दोन-तीन वर्कशॉपांना. मी त्यातल्या काही बघितल्या. एकाच मालकाची दोन वर्कशॉप, एक उद्यमनगरात, एक गोकुळ शिरगावला. दुसरी नोंदही तशीच, तिसरीही. मग मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: ईमेल सारखं असेल तर माणूस एक करा, दोन्ही वर्कशॉप त्याच्या नावावर लावा, पहिल्या नोंदीचा पासवर्ड ठेवा. चौथी नोंद मी बघितली नाही.

पोर्टल सुरू झाल्यावर दुसरा त्रास सुरू झाला. व्हेंडर पहिल्यांदा गूगलने आला की कीक्लोक म्हणायचं, या ईमेलचं खातं आधीच आहे, जोडायचं असेल तर जुना पासवर्ड द्या. जुना पासवर्ड आठवतोय कुणाला? फोनवर फोन. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्या लॉगिनच्या प्रवाहात एक पायरी बदलली: ईमेल जुळलं की आधीचं खातं न विचारता आपोआप जोडायचं. कीक्लोकमध्ये अशी तयार पायरी आहे, आणि तिच्याशेजारी धोक्याची सूचनाही आहे. सूचना मी वाचली होती. जीमेलचं ईमेल गूगलने स्वतः तपासलेलं असतं, मग धोका कुठे, असं मी स्वतःला सांगितलं. मायक्रोसॉफ्टसाठी हे केलं नव्हतं, कारण तिथे संस्थेचा ॲडमिन ईमेलच्या रकान्यात काहीही भरू शकतो. त्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या खात्यात शिरता येतं हे २०२३ मध्ये 'एनओऑथ' या नावाने गाजलं होतं. एवढं माहीत असलेल्या माणसाने गूगलसाठी मात्र दार काढून ठेवलं. फोन थांबले. मला वाटलं, सुटलं.

आठ दिवसांनी फौंड्रीच्या स्टोअरमधल्या अण्णांचा फोन आला. अण्णा व्हेंडरांना तोंडाने ओळखतात. कुणाची लेथ कुठल्या भिंतीला आहे हेही सांगतील. ते म्हणाले, "हे बघा, माझ्यासमोर थोरले बसल्यात. त्यांचंच ऐका." आणि फोन थोरल्यांच्या हातात गेला.

"साहेब, तुमच्या त्या पोर्टलात मला धाकट्याचं वर्कशॉप दिसालंय."

मी विचारलं, म्हणजे काय दिसतंय?

"वर नाव दाबलं की दोन नावं येत्यात. माझं आणि त्याचं. त्याचं दाबलं की त्याचे रेट. मी काय मुद्दाम बघितलं न्हाई, पण दिसलं. आता सांगा, त्यालाबी माझं दिसत असंल का न्हाई?"

वडिलांच्या काळात वर्कशॉप एक होतं. तेव्हा त्याच्या नावाने एक जीमेल काढलं, दोघांच्या फोनवर टाकलं. पुढे भाऊ वेगळे झाले. मशीनं वाटली, मधे भिंत घातली, विजेचं मीटर वेगळं झालं, जीएसटी नंबर वेगळा झाला. जीमेल तेवढं दोन्ही फोनवर तसंच राहिलं. दोघंही याच फौंड्रीचं काम करतात, एकाच जातीच्या कास्टिंगवर, आणि दर नगामागे काही रुपयांवर ठरतो. माझ्या स्क्रिप्टने भिंत पाडून दोघांचा एक माणूस केला, आणि आपोआप जोडणीने त्या माणसाच्या घराचं कुलूप काढून टाकलं.

थोरल्यांच्या प्रश्नाला मला उत्तर देता येईना, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. लॉग होता. कुठलं पान कधी उघडलं तेही होतं. पण लॉगमध्ये माणूस एकच. दोघंही मोबाइलच्या नेटवरून येणारे, त्यामुळे आयपी पत्त्यावरून काही ठरत नव्हतं. थोरल्यांचे दर त्या आठवड्यात चार वेळा उघडले गेले होते. ते थोरल्यांनी उघडले की धाकट्यांनी, हे आमच्या वहीला माहीत नव्हतं.

त्या दुपारी आपोआप जोडणी बंद केली, सगळी सत्रं तोडली, आणि स्क्रिप्टने एकत्र केलेल्या अकरा खात्यांना दर बघायची मनाई घातली. संध्याकाळी मी शिरोलीला गेलो आणि मालकांना सगळं सांगितलं. ते फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "दोघांना मी सांगू का तुम्ही सांगणार?" मी सांगितलं. धाकट्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला वाटलं तुम्हीच आम्हाला परत एक केलंय." हसत म्हणाले, पण ते मला लागायचं तसं लागलं.

अकरा खाती उलगडली तेव्हा कळलं, एका मालकाची खरोखर दोन वर्कशॉप असलेली सातच होती. एक भावांचं. उरलेल्या तिघांमध्ये ईमेल वर्कशॉपवाल्यांचं नव्हतंच, त्यांच्या कर सल्लागाराच्या ऑफिसचं होतं. नोंदणी भरताना तिथल्याच मुलाने ते टाकलेलं. म्हणजे त्या ऑफिसातला कुणीही कारकून गूगलचं बटण दाबून सहा वर्कशॉपांचे दर बघू शकला असता. लॉगप्रमाणे कुणी दाबलं नव्हतं. ते नशीब.

आम्ही चाचणी केली नव्हती असं नाही. पण चाचणी आम्ही पाच जणांनी, आमच्या पाच जीमेलवर केली. आमच्या ऑफिसात एका माणसाला एक ईमेल असतं.

कागदाचा कोड

नवी रचना अशी. लॉगिन सर्व्हरचं काम फक्त एवढं, की आलेला माणूस कुठल्या प्रोव्हायडरचा कुठला नंबर आहे ते सांगायचं. त्याचं ईमेल जुन्या कुणाशी जुळतं का हे तो बघतच नाही. व्हेंडरांच्या खात्यांतून ईमेल काढून टाकलं. बिलाच्या प्रतीसाठी लागणारं ईमेल पोर्टलच्या वहीत, संपर्क म्हणून, जिथे त्याची जागा होती तिथे परत गेलं. नवा माणूस गूगलने आला तर आत येतो, पण त्याला काहीच दिसत नाही. एक पान दिसतं: तुमच्या वर्कशॉपचा कोड टाका.

हा कोड स्टोअरमधून मिळतो. चलनाबरोबर, कागदावर, सही घेऊन. एकदाच चालतो, सात दिवसांत शिळा होतो. आमच्यातल्या एकाला हे मागासलेलं वाटलं; एसएमएसने का नाही, म्हणाला. पण कुठला नंबर कुणाच्या खिशात आहे हे आम्हाला माहीत नाही, आणि कोण कुठल्या वर्कशॉपचा हे अण्णांना माहीत आहे. त्या ओळखीचा उपयोग करायचा तर काउंटरवरच करायला हवा.

यावरही दोन्ही भाऊ अडकले. कारण त्यांच्या बाबतीत 'आयएसएस' आणि 'सब' ही पक्की जोडीसुद्धा एकच. जीमेल एक, म्हणजे गूगलच्या वहीत माणूस एक. धाकट्यांनी आधी कोड टाकला असता तर थोरले त्याच जीमेलने थेट धाकट्यांच्या वर्कशॉपमध्ये गेले असते. म्हणून एक नियम जास्त घातला: एक गूगल खातं एकाच वर्कशॉपला, दुसरा कोड आला तर थांबवा आणि अण्णांना कळवा. एका मालकाची दोन वर्कशॉप असतील तर अण्णा हो म्हणतात. भावांचा कोड अडला आणि अण्णांनी दोघांना बोलावलं.

प्रश्न साधा वाटत होता. जुनं जीमेल एकाने ठेवावं, दुसऱ्याने नवं काढावं. मी तसं सांगितलं. थोरले म्हणाले, "त्यात बापाचे फोटो हायत." धाकटे म्हणाले, "म्हणूनच मी काढलं न्हाई फोनमधनं." मग कुणीच काही बोललं नाही. अण्णांनी चहा सांगितला.

मग मोबाइलवर ओटीपी घ्यायचं ठरलं. तिथेही पोर्टलच्या वहीत दोघांच्या नावापुढे एकच नंबर निघाला, वडिलांचा. ते सिम आता आईंच्या साध्या फोनमध्ये. चाचणी म्हणून थोरल्यांच्या नावाने ओटीपी पाठवला तर पाच मिनिटांत आईंचा धाकट्यांना फोन: "आकडे आल्यात रे, कुणाला सांगायचे?" हे हसण्यावारी गेलं, पण त्यात खरी भीती आहे. बंद पडलेला नंबर दूरसंचार कंपनी कमीत कमी ९० दिवस थांबून दुसऱ्याला देऊ शकते. आईंनी रिचार्ज करायचं सोडलं असतं, तर उद्या भलत्याच माणसाला दोन्ही वर्कशॉपांचे आकडे गेले असते. तेव्हापासून आम्ही व्हेंडरांचे नंबर वर्षातून एकदा काउंटरवर समोरासमोर तपासून घेतो. त्या दिवशी दोघांनी आपापले नंबर लिहून दिले, अण्णांनी तिथेच ओटीपी पाठवून ते त्यांच्याच खिशात वाजतात हे पाहिलं, आणि कोड दिले.

मायक्रोसॉफ्टकडच्या नोंदणीचं सीक्रेट त्यांच्या पोर्टलवरून जास्तीत जास्त २४ महिन्यांचं मिळतं. त्याची तारीख आम्ही फौंड्रीच्या वार्षिक देखभालीच्या वेळापत्रकात, भट्टीच्या अस्तराच्या ओळीखाली लिहून ठेवली आहे. आमच्या कॅलेंडरमध्ये ती हरवली असती, तिथे ती कुणीतरी वाचतंच.

राहिलं ते जुनं जीमेल. ते दोघांच्याही फोनवर अजून आहे, आणि कधीतरी चुकून कुणी त्याने लॉगिन करणारच. म्हणून ते खातं पोर्टलमध्ये कुठल्याच वर्कशॉपला जोडता येणार नाही अशी नोंद घातली. अशा नोंदीला शेरा लिहावा लागतो. मी "सामाईक खाते, अडवलेले" असं लिहिलं होतं. परवा बघितलं तर अण्णांनी तो बदलून लिहिलंय: "वाटणी बाकी."